एकच नाव, दोन पॅकेजं: व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डिस्ट्रोंसाठी पॅकेज करताना नावांची भांडणं कशी सोडवायची

उबुंटू १४.०४ च्या काळात ज्यांनी पहिल्यांदा डॉकर (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून बघितलं त्यातल्या बऱ्याच जणांनी सरळ 'एपीटी इन्स्टॉल डॉकर' टाइप केलं, पॅकेज बिनतक्रार बसलं, आणि कंटेनर चालवायला गेले तर भलतंच काहीतरी समोर. कारण डेबियन आणि उबुंटू या डिस्ट्रोंत (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांत) 'डॉकर' हे नाव आधीच एका छोट्या सिस्टिम ट्रे प्रोग्रॅमकडे होतं, केडीई ३ आणि जीनोम २ च्या बारक्या आयकॉनवाल्या अ‍ॅप्सना बसायला जागा देणारा तो प्रोग्रॅम. मग कंटेनरवालं पॅकेज 'डॉकर.आयओ' नावाने आलं, आणि १४.०४ मध्ये तर कमांडसुद्धा '/यूएसआर/बिन/डॉकर.आयओ' अशीच होती, म्हणून लोक हाताने सिमलिंक (एका नावावरून दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) मारायचे. फेडोरातही तीच अडचण, फक्त तिथे टिंबाऐवजी डॅश, 'डॉकर-आयओ', आणि पुढे ते साधं 'डॉकर' झालं. ट्रेवाल्या जुन्या पॅकेजचं नाव डेबियनमध्ये शेवटी 'डब्ल्यूएमडॉकर' करावं लागलं.

मला हे सगळं माहीत होतं, तरी मी तीच चूक केली. आमच्या टीमसाठी मी क्यूईएमयू-केव्हीएमवर (लिनक्सवर व्हर्च्युअल मशिन चालवणारी जोडी) चालणारं एक छोटं टूल लिहिलं होतं, टेस्टिंगला झटपट व्हर्च्युअल मशिन उभी करायची आणि पाडायची एवढंच त्याचं काम, आणि नाव ठेवलं 'व्हीएम'. दोन अक्षरं, टाइप करायला सोपं. डेब (डेबियनच्या पद्धतीचं) पॅकेज बनवलं, व्हर्जन १.४, आमच्या आतल्या रेपोत, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यात, टाकलं, सगळे खुश. एके दिवशी एका सहकाऱ्याने सर्व्हरवर नेहमीसारखं 'एपीटी अपग्रेड' केलं आणि टूल गायब, त्याजागी ईमॅक्स आणि त्याच्यासोबतची पॅकेजं येऊन बसली. झालं असं होतं की डेबियनमध्ये 'व्हीएम' नावाचं पॅकेज खूप आधीपासून आहे, ईमॅक्समध्ये मेल वाचायचा प्रोग्रॅम, व्हर्जन ८.२. एपीटीला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, नाव सारखं दिसलं, ८.२ हे १.४ पेक्षा मोठं दिसलं, त्याने त्याच्या हिशोबाने बरोबर अपग्रेड केलं. आमच्या टूलच्या जागी मेल रीडर.

तेव्हापासून हा विषय मी नीट मुळापासून शिकलो आणि जे कामाला आलं ते इथे पायरी-पायरीने लिहितोय. तुम्ही स्वतःचं टूल पॅकेज करत असाल, किंवा दुसऱ्याचं सॉफ्टवेअर एका डिस्ट्रोवरून दुसऱ्यावर नेत असाल, दोन्हीला चालेल.

आधी एक गोष्ट: तुमच्या सॉफ्टवेअरला एक नाव नसतं

नाव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पॅकेजचं नाव येतं. पण मशिनवर एक सॉफ्टवेअर बसलं की त्याची पाच-सहा नावं एकदम बसतात आणि प्रत्येकाचं भांडण वेगळ्या ठिकाणी होतं, प्रत्येकाचा इलाजही वेगळा. वही घ्या आणि लिहून काढा, खरंच लिहा, मी आता प्रत्येक पॅकेजला हे करतो.

पहिलं पॅकेजचं नाव. इथे दोन उलटे प्रकार होतात. एक म्हणजे वस्तू तीच, नाव वेगळं: 'व्हर्ट-इन्स्टॉल' ही कमांड फेडोरात 'व्हर्ट-इन्स्टॉल' नावाच्याच पॅकेजमध्ये मिळते, डेबियनमध्ये मात्र पॅकेज आहे 'व्हर्टइन्स्ट'. व्हर्च्युअल मशिनला यूईएफआय (मशिन सुरू करायची, बायोसच्या जागी आलेली पद्धत) देणारं फर्मवेअर डेबियनमध्ये 'ओव्हीएमएफ', फेडोरा आणि आर्चमध्ये 'ईडीके२-ओव्हीएमएफ'. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, नाव तेच आणि वस्तू वेगळी. 'झेन-टूल्स' घ्या. ओपनसूसे आणि जेंटूत 'झेन-टूल्स' म्हणजे झेन हायपरव्हायजरची (व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या मूळ थराची) स्वतःची चालवायची साधनं. डेबियनमध्ये 'झेन-टूल्स' म्हणजे नवीन गेस्ट (आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशिनच्या) इमेज तयार करणाऱ्या पर्ल स्क्रिप्टांचा एक वेगळाच संच, आणि झेनची खरी साधनं 'झेन-यूटिल्स' मध्ये. आता एखाद्याने ओपनसूसेच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमधली पॅकेजांची नावं तशीच डेबियनवर वापरली तर एरर येणारच नाही, पॅकेज बसेल, आणि मग झेनची 'एक्सएल' कमांड का सापडत नाही म्हणून अर्धा दिवस जाईल.

दुसरं कमांडचं नाव, म्हणजे '/यूएसआर/बिन' मधली फाइल. 'केव्हीएम' बघा. डेबियनवर 'केव्हीएम' अशी कमांडच मिळते. फेडोरात ती 'क्यूईएमयू-केव्हीएम' आहे, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये ती '/यूएसआर/लिबएक्झेक' मध्ये आहे, म्हणजे पाथमध्ये नाहीच, नुसतं नाव टाइप करून सापडणार नाही. फ्रीबीएसडीत 'लिबकेव्हीएम' नावाची लायब्ररी आहे तिचा व्हर्च्युअल मशिनशी काही संबंध नाही, ती कर्नलची मेमरी वाचण्यासाठी. आणि हार्डवेअरवाल्या माणसाला केव्हीएम म्हणाल तर तो कीबोर्ड-मॉनिटरचा स्विच आणून देईल.

एलएक्ससी आणि एलएक्सडी या कंटेनर चालवणाऱ्या दोन सॉफ्टवेअरांचा गुंता तर नवीन माणसाला हमखास फसवतो. एलएक्ससी प्रोजेक्टच्या कमांड 'एलएक्ससी-स्टार्ट', 'एलएक्ससी-अटॅच' अशा डॅशवाल्या, आणि नुसती 'एलएक्ससी' ही कमांड एलएक्सडीची आहे. पॅकेज एलएक्ससी बसवलं तर एलएक्ससी कमांड मिळत नाही. २०२३ मध्ये एलएक्सडीपासून फुटून इन्कस निघालं तेव्हा त्यांनी हा घोळ सोबत घेतला नाही, कमांड 'इन्कस', डेटा '/व्हार/लिब/इन्कस' मध्ये, ग्रुप 'इन्कस-अ‍ॅडमिन', सगळं एकाच नावाने, आणि जुन्या लोकांना हलवायला वेगळं 'एलएक्सडी-टू-इन्कस' टूल. नाव बदलायचं असेल तर कसं बदलावं याचं हे मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण आहे.

तिसरं सर्व्हिसचं नाव आणि चौथं यूजर-ग्रुपचं. लिबव्हर्टची (व्हर्च्युअल मशिन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) सर्व्हिस पूर्वी उबुंटूत 'लिबव्हर्ट-बिन' होती, फेडोरात 'लिबव्हर्टडी'. ग्रुपही उबुंटूत पूर्वी 'लिबव्हर्टडी' होता, डेबियन-फेडोरात 'लिबव्हर्ट'. क्यूईएमयूचे प्रोसेस डेबियनवर 'लिबव्हर्ट-क्यूईएमयू' या यूजरखाली चालतात, फेडोरावर नुसत्या 'क्यूईएमयू' खाली, त्यामुळे डिस्कची मालकी बदलणारी एकाकडची स्क्रिप्ट दुसरीकडे 'असा यूजर नाही' म्हणून थांबते. पाचवं पाथ, म्हणजे कॉन्फिग, डेटा, फर्मवेअर कुठे ठेवलंय ते.

आणि सहावं, जे बहुतेक जण विसरतात, सॉफ्टवेअरच्या आतली नावं. क्यूईएमयूचे मशिन टाइप, म्हणजे कुठल्या हार्डवेअरची नक्कल करायची त्याची नावं, हे त्याचं पक्कं उदाहरण. रेड हॅटच्या होस्टवर बनवलेल्या व्हर्च्युअल मशिनच्या एक्सएमएलमध्ये (मशिनच्या वर्णनाच्या फाइलमध्ये) मशिन टाइप 'पीसी-क्यू३५-आरएचईएल' असं काहीतरी पुढे आकडा लावून असतो, उबुंटूचे स्वतःचे वेगळे असतात. तो एक्सएमएल जसाच्या तसा डेबियनवर नेलात तर क्यूईएमयू म्हणणार हा टाइप मला माहीत नाही. डिस्क नीट, मेमरी नीट, सगळं नीट, आणि मशिन एका नावापायी उठत नाही. तिथे साधा 'क्यू३५' लिहायचा.

पायरी १: नाव ठेवण्याआधी शोधा, आणि सगळीकडे शोधा

माझी चूक इथेच झाली, मी फक्त वेब सर्चमध्ये बघितलं होतं. आता माझा क्रम असा. पहिल्यांदा रिपॉलॉजी या साइटवर नाव टाकायचं, ती शेकडो रेपोंमधली पॅकेजं एकत्र करून दाखवते, त्यामुळे कुठल्या डिस्ट्रोत हे नाव कोणाकडे आहे आणि तुमच्यासारखंच सॉफ्टवेअर कुठे कुठल्या नावाने आहे हे दोन्ही एका पानावर कळतं.

पण तिथे थांबू नका, कारण ते पॅकेजचं नाव झालं, कमांडचं नाही. कमांडसाठी प्रत्येक डिस्ट्रोत फाइल शोधायची सोय आहे. डेबियनवर 'एपीटी-फाइल सर्च' आणि पुढे 'बिन/' लावून नाव. फेडोरावर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' आणि पूर्ण पाथ, मध्ये स्टार लावला तर 'एसबिन' पण येतं. आर्चवर 'पॅकमन' ला मोठा एफ. हे सगळं करायला तीन मशिन लागत नाहीत, पॉडमनमध्ये (डॉकरसारखंच टूल) तिन्ही डिस्ट्रोंचे कंटेनर उघडायचे, इंडेक्स अपडेट करायचा आणि शोधायचं, दहा मिनिटांचं काम.

बीएसडीकडे पण एक नजर टाका, तिकडे आपण जात नाही म्हणून सोडून देऊ नका. माझं 'व्हीएम' डेबियनवर पॅकेजच्या नावावरून भांडलं, फ्रीबीएसडीवर ते कमांडवरून भांडलं असतं, कारण तिथल्या 'व्हीएम-भाइव्ह' या पोर्टची कमांड 'व्हीएम' च आहे, '/यूएसआर/लोकल/एसबिन' मध्ये. ओपनबीएसडीत 'व्हीएमसीटीएल' बेस सिस्टिममध्येच येतं. व्हीएमवेअरची 'व्हीएमरन' आहे. म्हणजे 'व्हीएम' ने सुरू होणारं जे जे सहज सुचतं ते कोणीतरी आधीच घेतलेलं असतं असंच धरून चाला.

डेबियनमध्ये अजून एक जागा, डब्ल्यूएनपीपीची यादी. कोणी एखादं सॉफ्टवेअर पॅकेज करायला घेतलं की तिथे आयटीपी ('हे मी पॅकेज करणार आहे' अशी सूचना) म्हणून बग उघडतो. तुमचं नाव रेपोत नसेल पण तिथे कोणीतरी महिनाभरापूर्वी मागितलेलं असू शकतं.

शेवटी नावं बसवून बघायची. मी माझ्या टूलला 'व्हीएमवाडा' नाव दिलं, एका घरात अनेक बिऱ्हाडं हा अर्थही बसतो आणि कुठल्याच रेपोत सापडलं नाही.

पायरी २: अक्षरांचे नियम

हे पटकन. डेबियनमध्ये पॅकेजच्या नावात फक्त लहान इंग्रजी अक्षरं, आकडे, प्लस, डॅश आणि टिंब, किमान दोन अक्षरं, सुरुवात अक्षराने किंवा आकड्याने. अंडरस्कोर चालत नाही, कारण डेब फाइलच्या नावात नाव, व्हर्जन आणि आर्किटेक्चर हे अंडरस्कोरनेच वेगळे केलेले असतात. तिकडे एक्स८६_६४ असं नावात येत नाही, 'एएमडी६४' येतं. आरपीएममध्ये (फेडोरा-रेड हॅटची पॅकेजची पद्धत) मोठी अक्षरं चालतात आणि मोठं-लहान वेगळं धरलं जातं, त्यामुळे आरपीएम फ्यूजन या फेडोरासाठीच्या बाहेरच्या रेपोत व्हर्च्युअलबॉक्सच्या पॅकेजच्या नावात व्ही आणि बी मोठे आणि डेबियनमध्ये सगळं लहान. आरपीएममध्ये नावात डॅश चालतो पण व्हर्जन आणि रिलीजमध्ये चालत नाही. थोडक्यात, सगळी लहान अक्षरं आणि गरज असेल तरच एखादा डॅश, एवढं पाळलं की कुठेच अडत नाही.

पायरी ३: भांडण कुठल्या जातीचं आहे ते ठरवा

एरर आली की लगेच पॅकेजच्या माहितीतली फील्ड ('कॉन्फ्लिक्ट्स' वगैरे) लिहायला बसू नका, आधी एकच प्रश्न विचारा: या दोन वस्तू एकाच मशिनवर एकत्र राहायची कोणाला गरज आहे का?

गरज नसेल, म्हणजे एक दुसऱ्याची जागाच घेते, तर एकमेकांना वगळायचं. 'पॉडमन-डॉकर' हे त्याचं साधं उदाहरण. ते '/यूएसआर/बिन/डॉकर' म्हणून एक छोटी स्क्रिप्ट ठेवतं जी सगळं पॉडमनकडे पाठवते, आणि चालवल्यावर सांगते की मी पॉडमन वापरून डॉकरची नक्कल करतेय, हा मेसेज नको असेल तर '/ईटीसी/कंटेनर्स/नोडॉकर' ही फाइल बनवा. खरं डॉकर आणि हे पॅकेज सोबत राहूच शकत नाहीत आणि कोणाला तसं हवंही नसतं. डॉकर कंपनीच्या रेपोतलं 'कंटेनरडी.आयओ' पण असंच, त्यात रनसी (कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारा प्रोग्रॅम) आतच भरलेलं असतं म्हणून ते डिस्ट्रोच्या 'कंटेनरडी' आणि 'रनसी' दोघांशी उघड भांडण जाहीर करतं. डॉकर-सीई टाकायच्या आधी ती जुनी पॅकेजं काढा असं त्यांची पानं सांगतात ते याच्यामुळे.

एकाच सॉफ्टवेअरची दोन व्हर्जनं सोबत हवी असतील तर मात्र भांडण जाहीर करून चालणार नाही. डेबियनच्या झेन पॅकेजांमध्ये याचं फार सुंदर उत्तर आहे. झेनची साधनं चालू हायपरव्हायजरच्या व्हर्जनशी जुळावीच लागतात, आणि अपग्रेडनंतर जर नवीन हायपरव्हायजर बूट झाला नाही तर जुन्यावर परत जायची सोय हवी. म्हणून पॅकेजच्या नावातच व्हर्जन, 'झेन-यूटिल्स-४.१७' असं, फाइल '/यूएसआर/लिब/झेन-४.१७/बिन' मध्ये, आणि सगळ्यांच्या वर 'झेन-यूटिल्स-कॉमन' मधला एक रॅपर जो आत्ता कुठला हायपरव्हायजर चालू आहे ते बघून बरोबर फोल्डरमधली कमांड चालवतो. वापरणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही.

आणि तिसरी जात, दोन पूर्ण वेगळे प्रोग्रॅम, फक्त नाव सारखं, डॉकरचा ट्रे आणि डॉकरचा कंटेनर तसे. इथे डेबियन पॉलिसी अगदी कडक आहे: वेगळं काम करणारे दोन प्रोग्रॅम एकाच फाइलनावाने दोन पॅकेजांमध्ये ठेवायचेच नाहीत, कॉन्फ्लिक्ट्स (आम्ही एकत्र बसणार नाही असं सांगणारं फील्ड) लिहून सुद्धा नाही. दोन्ही मेंटेनरांनी बोलून एकाने नाव बदलायचं, आणि एकमत झालं नाही तर दोघांनीही बदलायचं. मला हा नियम मनापासून पटतो. ज्याला मेल रीडर आणि माझं टूल दोन्ही हवेत त्या माणसाने एक का सोडावं, फक्त माझ्या मेहनत न घेण्यामुळे?

इथे खूप लोक 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' कडे (एकच कमांड-नाव अनेक प्रोग्रॅमपैकी एकाकडे वळवणारी सोय) पळतात. ते फक्त तेव्हा वापरा जेव्हा दोन्ही कमांड खरोखर एकसारख्या वागतात. 'एनसी' चा अनुभव लक्षात ठेवा. डेबियनमध्ये 'एनसी' हे नाव नेटकॅट या नेटवर्क जोडणाऱ्या टूलच्या वेगवेगळ्या प्रकारांत अल्टरनेटिव्ह्जने वाटलेलं आहे, जसं ट्रॅडिशनल आणि ओपनबीएसडीचं. व्हर्ट-मॅनेजरमधून एसएसएचवरून दूरच्या होस्टला जोडताना लिबव्हर्ट तिकडे 'एनसी' ला मोठा यू ऑप्शन देऊन चालवायचं, आणि ट्रॅडिशनलला तो ऑप्शनच माहीत नाही. नाव एक, बसलेलंही आहे, तरी कनेक्शन तुटतं, आणि एररमध्ये 'इनव्हॅलिड ऑप्शन यू' एवढंच. मीही त्या होस्टचा फायरवॉल दोनदा तपासला होता. वागणं सारखं नसेल तर नाव वाटून घेऊ नये.

पायरी ४: प्रत्येक डिस्ट्रोच्या भाषेत ते लिहा

डेबियनपासून सुरू करतो. भांडण झालं की डीपीकेजी (एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) असं म्हणतं की अमुक फाइलवर लिहायचा प्रयत्न होतोय पण ती तमुक पॅकेजमध्येही आहे, आणि थांबतं. इथे 'फोर्स-ओव्हरराइट' मारायचा मोह होतो, मारू नका. आज काम होतं, पण पुढच्या अपग्रेडला ती फाइल कोणाची राहील याचा भरवसा नाही, आणि तो सर्व्हर तेव्हा तुमच्या हातात नसेल.

फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवली असेल तर 'ब्रेक्स' (ते जुनं पॅकेज माझ्यासोबत चालणार नाही) आणि 'रिप्लेसेस' (त्याच्या फाइल मी घेतो) ही जोडी, दोन्हीत जुन्या पॅकेजचं नाव आणि 'या व्हर्जनपेक्षा लहान' अशी अट. एकमेकांच्या जागी येणारी पॅकेजं असतील तर एक समान काल्पनिक नाव घ्यायचं आणि 'प्रोव्हाइड्स', 'कॉन्फ्लिक्ट्स', 'रिप्लेसेस' तिन्हीत तेच लिहायचं, डेबियनमध्ये पॅकेज स्वतःशी भांडत नाही त्यामुळे एका वेळी एकच बसतं. बॅशच्या स्क्रिप्टमध्ये फाइल हलवत बसायची गरज पडत नाही.

आरपीएममध्ये एक फरक ध्यानात ठेवा, दोन पॅकेजांमधली फाइल तंतोतंत सारखी असेल तर आरपीएम ते चालवून घेतं, वेगळी असेल तरच अडवतं. म्हणून टेस्टिंगला भांडण दिसत नाही आणि एका पॅकेजचं नवीन व्हर्जन आलं की एकदम दिसतं. फेडोराचे नियम 'कॉन्फ्लिक्ट्स' ला शक्यतो नाहीच म्हणतात आणि न लिहिलेलं, गपचूप असलेलं भांडण तर मुळीच चालवत नाहीत. नाव बदलताना 'प्रोव्हाइड्स' मध्ये जुनं नाव आणि बरोबर चालू व्हर्जन-रिलीज, आणि 'ऑब्सोलिट्स' मध्ये जुनं नाव 'त्यापेक्षा लहान' अशा अटीसह. ही अट विसरलात तर ते नाव पुढे कधी कोणी दुसऱ्याने घेतलं की तुमचं पॅकेज त्याचंही पॅकेज गिळून टाकणार.

आर्चमध्ये अल्टरनेटिव्ह्ज हा प्रकारच नाही, 'प्रोव्हाइड्स', 'कॉन्फ्लिक्ट्स', 'रिप्लेसेस' या तीन यादी. व्हर्च्युअलबॉक्सकडे बघा कसं केलंय: कर्नल मॉड्यूल तयार बांधलेले हवेत की डीकेएमएसवाले (तुमच्याच मशिनवर कर्नलनुसार बांधले जाणारे), दोन वेगळी पॅकेजं, दोन्ही एकच मोठ्या अक्षरातलं काल्पनिक नाव पुरवतात आणि मुख्य पॅकेज त्या नावावर अवलंबून. जेंटूत पॅकेजला कॅटेगरी असते त्यामुळे पॅकेजचं नाव दोनदा आलं तरी चालतं, पण फाइलला कॅटेगरी नसते, तिथे ब्लॉकर लिहावाच लागतो. फ्रीबीएसडीत मेकफाइलमध्ये 'कॉन्फ्लिक्ट्स_इन्स्टॉल', आणि नाव बदललं की पोर्ट्सच्या 'मूव्ह्ड' फाइलमध्ये एक ओळ.

यूईएफआयच्या पाथचं वेगळं सांगतो कारण त्याचं उत्तर पॅकेजिंगमध्ये नाहीच. फर्मवेअर डेबियनवर '/यूएसआर/शेअर/ओव्हीएमएफ' मध्ये, फेडोरावर '/यूएसआर/शेअर/ईडीके२' च्या आत. तुमच्या टूलमध्ये दोन्ही पाथ इफ-एल्स करून लिहू नका. '/यूएसआर/शेअर/क्यूईएमयू/फर्मवेअर' मध्ये प्रत्येक डिस्ट्रो जेसन फाइल ठेवते ज्यात कुठलं फर्मवेअर कुठे आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा, किंवा लिबव्हर्ट वापरत असाल तर एक्सएमएलमध्ये फक्त 'फर्मवेअर ईएफआय' म्हणा आणि पाथ त्यालाच शोधू द्या. माझ्या टूलमधल्या चाळीसेक ओळी यामुळे उडाल्या.

पायरी ५: नाव बदलताना जुन्या लोकांना वाटेत सोडू नका

नेहमीची पद्धत अशी की जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज पुढच्या एका रिलीजपुरतं ठेवायचं जे फक्त नवीन नावावर अवलंबून असतं, डेबियनमध्ये त्याचा सेक्शन 'ओल्डलिब्ज'. लोक अपग्रेड करतात, नवीन येतं, जुनं नंतर काढतात. कॉन्फिग फाइलचं नाव बदललं असेल तर 'डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर' वापरा, नाहीतर लोकांनी हाताने केलेले बदल जुन्या फाइलमध्ये पडून राहतात आणि नवीन फाइल कोरी. सर्व्हिससाठी सिस्टिमडी युनिटमध्ये जुन्या नावाचा 'एलियस'. ग्रुप बदलला असेल तर जुन्या ग्रुपमधली माणसं नवीन ग्रुपमध्ये घालणं पोस्टइन्स्टमध्ये (पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) स्वतः करावं लागतं, आणि हे विसरलं की लोकांना 'परमिशन डिनाइड' दिसतं, ज्यावरून कारण ओळखणं फार अवघड.

माझ्या बाबतीत ही नेहमीची पद्धत चाललीच नाही. मी जुन्या नावाचं, म्हणजे 'व्हीएम' चं, रिकामं पॅकेज २.० म्हणून काढलं तरी डेबियनचं ८.२ त्याच्यापेक्षा मोठंच, एपीटी परत मेल रीडरच आणणार. एकाने सुचवलं की व्हर्जनला इपॉक, म्हणजे बाकी आकड्यांच्या आधी बघितला जाणारा आकडा, लाव, पुढे '१:' लिहिलं की आपलं नेहमी मोठं. मी नाही म्हटलं. इपॉक एकदा लावला की त्या नावावरून तो कधीच काढता येत नाही, आणि ज्या कोणाला खरा मेल रीडर हवा असेल त्याला आमच्या सर्व्हरवर तो कधीच मिळणार नाही. दुसऱ्याच्या नावावर कायमचा दगड ठेवल्यासारखं ते.

शेवटी केलं ते असं. सर्व्हरांवर '/ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी' मध्ये एक फाइल टाकली, त्यात पॅकेज 'व्हीएम', पिन आमच्या रेपोच्या ओरिजिनला (म्हणजे हे पॅकेज आमच्याच रेपोतून घ्यायचं), आणि प्रायॉरिटी १००१. हजारच्या वर गेलं की एपीटी व्हर्जन खाली आणायलाही तयार होतं, म्हणून ज्या सर्व्हरवर मेल रीडर आधीच बसला होता तिथेही आमचं रिकामं २.० आलं आणि त्याच्यामागे व्हीएमवाडा. नवीन पॅकेजमध्ये 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' ला 'व्हीएम, २.० पेक्षा लहान' अशी अट, म्हणजे आमचं जुनं १.४ हटतं आणि डेबियनच्या ८.२ ला धक्का लागत नाही, ती अट किती कामाची आहे हे मला तेव्हा कळलं. सगळे सर्व्हर हलले की आधी रिकामं पॅकेज काढलं, मग पिनची फाइल, या क्रमाने, उलट केलं असतं तर मध्येच मेल रीडर परत आला असता. कमांडसाठी जुनं 'व्हीएम' नाव पॅकेजमधून दिलं नाही, ज्यांची सवय सुटत नव्हती त्यांना त्यांच्या शेलमध्ये एलियस लावून दिला. तो त्या माणसाच्या घरात राहतो, सगळ्या मशिनवर पसरत नाही.

पायरी ६: तपासायचं कसं

नुसतं कोऱ्या मशिनवर बसवून बघणं पुरत नाही, नावांची भांडणं बहुतेक अपग्रेडला आणि काढताना दिसतात. प्रत्येक डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये मी हे करतो: कोऱ्यावर बसवणं, जुन्या व्हर्जनवरून अपग्रेड, ज्या पॅकेजशी भांडण आहे ते आधी बसवून मग आपलं, मग उलट क्रमाने, आणि शेवटी काढून टाकून मागे काय राहिलं ते बघणं. उलट क्रम वगळू नका, माझ्याकडे दोनदा फक्त त्याच्यातच चूक सापडलीय. डेबियनसाठी 'पिउपार्ट्स' हे बसवणं-अपग्रेड-काढणं आपोआप करतं आणि मागे राहिलेल्या फाइलची यादी देतं. कंटेनरमध्ये सिस्टिमडी आणि '/डेव्ह/केव्हीएम' सहसा नसतं, त्यामुळे सर्व्हिस, ग्रुप आणि मशिन टाइप हे तीन खऱ्या व्हर्च्युअल मशिनमध्येच तपासा.

आणि अपग्रेडची टेस्ट करताना डिस्ट्रोचे सगळे रेपो चालू ठेवा. मी फक्त आमचा रेपो चालू ठेवून टेस्ट करायचो, म्हणून ते ८.२ मला कधी दिसलंच नव्हतं. आता रिलीजच्या आधी 'एपीटी-कॅश पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव, एवढी एक कमांड चालवतो, त्या नावाचं पॅकेज कुठल्या कुठल्या रेपोतून कुठल्या व्हर्जनने येतंय ते ओळीने दिसतं, आणि तिथे आपल्या रेपोशिवाय दुसरी ओळ दिसली की रिलीज थांबवतो.